हौशी खेळाडू, पगारी शिक्षक

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) इंग्लंडमधील निवासी शाळांतून एका विशिष्ट प्रकारचा शिक्षक घडला. तो ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा पदवीधर असे, सकाळी ग्रीक-लॅटिन किंवा गणित शिकवी आणि दुपारनंतर विद्यार्थ्यांबरोबर मैदानात उतरे. बहुतेक वेळा त्याने विद्यार्थिदशेत क्रिकेट, फुटबॉल किंवा नौकानयन यांत नाव मिळवलेले असे, आणि शाळेची नोकरी पत्करण्यामागे या खेळांपासून दूर जावे लागू नये हा विचारही काही अंशी असे. खेळाचे पैसे तो घेत नसे. त्या काळच्या इंग्लिश समाजात खेळाडूंचे दोन वर्ग मानले जात. मोबदला न घेता खेळणारा तो हौशी, म्हणजेच सद्‌गृहस्थ, आणि मजुरी घेऊन खेळणारा तो व्यावसायिक. हे दोघे एकाच संघातून खेळत असले तरी त्यांचे कपडे बदलण्याचे कक्ष वेगळे असत, अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याची दारे वेगळी असत, आणि छापील धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाआधी, तर व्यावसायिकाची आडनावानंतर छापण्याची प्रथा होती.

या प्रकारच्या शिक्षकाचे ठळक उदाहरण म्हणून एडवर्ड अर्नेस्ट बोवेन (१८३६–१९०१) याच्याकडे पाहता येते. केंब्रिजहून बाहेर पडल्यावर तो १८५९ मध्ये हॅरो येथील शाळेत रुजू झाला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, तेथेच राहिला. १८७२ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर फुटबॉलच्या एफ. ए. चषकाचा पहिला अंतिम सामना झाला, तेव्हा विजयी ठरलेल्या वाँडरर्स संघात हा पस्तिशीतला मास्तर खेळत होता, आणि त्याच वर्षी त्याने आपल्या शाळेसाठी रचलेले एक गीत पुढे अनेक शाळांत गायले गेले. अभिजात भाषांबरोबर आधुनिक भाषा, इतिहास आणि विज्ञान यांना स्थान देणारी स्वतंत्र शाखा त्याने हॅरोत उभी केली, यावरून केवळ मैदानावरच रमणारा शिक्षक म्हणून त्याची गणना करणे चुकीचे ठरेल हे स्पष्ट होते. खेळातून चारित्र्य घडते, पराभव सोसण्याची आणि दुसऱ्याच्या हाताखाली वागण्याची शिस्त लागते, ही त्या पिढीची श्रद्धा होती. रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांच्या नावाशी ती जोडली जाते, तथापि आर्नल्ड यांचा स्वतःचा भर खेळापेक्षा धर्म आणि नीती यांवर अधिक होता, आणि खेळाचे माहात्म्य १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉमस ह्यूज यांच्या शालेय कादंबरीने व तिच्या वाचकांनी वाढवले.

हिंदुस्थानात हा नमुना प्रथम संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांतून आला. राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे पहिले प्राचार्य चेस्टर मॅकनॉटन हे केंब्रिजचे पदवीधर १८७० पासून १८९६ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तेथे होते, आणि पुढे इंग्लंडकडून खेळलेले रणजितसिंहजी हे त्यांचेच विद्यार्थी. मात्र दख्खनच्या पठारावर, विशेषतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि पुणे या दोन शेजारी जिल्ह्यांत, या नमुन्याची वाट वेगळी ठरली. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू शिक्षकाच्या पेशात शिरला. येथे शिक्षकाची नोकरी मिळाली म्हणूनच मध्यमवर्गातल्या एखाद्याला हौशी खेळाडू राहणे परवडले, आणि ज्यांना ती नोकरी मिळू शकत नव्हती त्यांच्यासाठी तीच भिंत ठरली. या प्रदेशाच्या क्रीडा-इतिहासात हा भेद पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

अहमदनगरचा इंग्रजांशी संबंध शाळेच्या आधी लष्करी छावणीतून आला. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला आणि पेशवाईच्या अस्तानंतर किल्ल्याजवळ भिंगारलगत कायमची छावणी वसली. छावणी म्हटली की कवायतीचे पटांगण आले, आणि गोऱ्या शिपायांच्या व अधिकाऱ्यांच्या फावल्या वेळातील खेळ आले. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर नगर एका बाजूने दौंडमार्गे पुण्याशी व दुसऱ्या बाजूने मनमाडशी जोडले गेले, त्यामुळे पलटणींची ये-जा जशी सोपी झाली तशीच शिकण्यासाठी पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचीही झाली. पुढे बोअर युद्धातील कैदी आणि पहिल्या महायुद्धात स्थानबद्ध केलेले जर्मन नागरिक येथेच ठेवण्यात आले. इतक्या परकीय माणसांचा वावर असलेल्या या गावात इंग्लिश खेळ लोकांच्या नजरेला नवा राहिला नव्हता. पाहणे आणि खेळणे यांत मात्र मोठे अंतर होते, कारण छावणीचे मैदान गावातल्या मुलांसाठी नव्हते.

शिक्षणाचा दुसरा प्रवाह अमेरिकन मराठी मिशनचा. १८३१ च्या अखेरीस या मिशनने नगरला ठाणे केले, १८३९ मध्ये सिंथिया फरार तेथे आल्या आणि १८६२ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि फरार यांच्याकडून सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे सांगितले जाते. मिशनच्या शाळा नगर शहरापुरत्या न राहता आसपासच्या खेड्यांत, महार-मांग वस्त्यांपर्यंत पोहोचल्या, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती. या मिशनऱ्यांना इंग्लंडच्या पब्लिक स्कूलचा वारसा नव्हता. ते न्यू इंग्लंडच्या धार्मिक परंपरेतून आलेले होते आणि शरीराच्या वळणाविषयी त्यांची कल्पना बॅटपेक्षा करवत आणि रंधा यांच्याशी अधिक जवळची होती, म्हणून त्यांच्या शाळांतून सुतारकाम, धातुकाम, विणकाम अशा हस्तव्यवसायांना प्रतिष्ठा मिळाली. हौशी खेळाडूचा आदर्श नगरच्या शिक्षणात उशिरा आला, याचे हे एक कारण मानता येते.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते या जिल्ह्याच्या जमिनीत व पावसात सापडते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग वगळता, पाऊस अपुरा आणि लहरी. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेले सावकारविरोधी दंगे श्रीगोंदे, पारनेर या नगरच्या तालुक्यांत पसरले, त्यापाठोपाठ १८७६–७७ चा दुष्काळ आला, आणि शतक संपता संपता आणखी दोन दुष्काळ व प्लेगची साथ येऊन गेली. मोबदल्याविना खेळण्यासाठी ज्या फावल्या वेळेची आणि पोटभर अन्नाची गरज असते, ती येथील बहुसंख्य कुटुंबांना उपलब्ध नव्हती.

याचा अर्थ या जिल्ह्यात खेळ नव्हता असा मुळीच नाही. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा जो फड भरतो त्याला नगर भागात हगामा म्हणतात. देवाची पालखी फिरून आली की दुसऱ्या दिवशी दुपारी नदीच्या पात्रात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात माणसांचे कडे होते, हलगी वाजू लागते, आणि पंच मंडळी जोडी लावतात. पहिल्या कुस्त्या पोरांच्या, त्या रेवड्यांवर किंवा नारळावर सुटतात. मग इनामाचा आकडा चढत जातो आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते, जिच्या इनामासाठी गावाने वर्गणी काढलेली असते. जिंकलेला पैलवान कड्याभोवती फेरी मारतो आणि प्रेक्षक खूश होऊन त्याच्या हातावर आणखी काही ठेवतात. या सर्व व्यवहारात पैसे घेण्याने पैलवानाची इभ्रत कमी होते असे कोणालाही वाटत नाही, उलट इनामाचा आकडा हीच त्याच्या इभ्रतीची खूण. हौशी आणि व्यावसायिक हा व्हिक्टोरियन भेद येथे लागूच पडत नाही.

या परंपरेला तिचा स्वतःचा शिक्षकही होता. तालमीतला वस्ताद हा बहुधा उमेदीत फड गाजवलेला आणि वयोमानाने लंगोट उतरवून ठेवलेला पैलवान असे. तालमीच्या हौदातली तांबडी माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मुरवणे, पोरांच्या जोर-बैठकांची मोजणी करणे, कोणाच्या अंगाला कोणता डाव बसेल हे ओळखणे, खुराकावर लक्ष ठेवणे आणि वागणुकीत कोणी चुकला तर त्याला तालमीची पायरी चढू न देणे, हे सारे त्याच्याकडे असे. खेळाडूने उतारवयात गुरू व्हावे आणि खेळाबरोबर आचारही शिकवावा ही कल्पना बोवेनच्या हॅरोची मिरासदारी नव्हती. परंतु वसाहतकाळातील सरकारी शिक्षणखात्याच्या लेखी वस्ताद हा शिक्षक नव्हता, कारण त्याच्याकडे परीक्षेचा दाखला नव्हता. शाळांत शरीरशिक्षणाची जागा निर्माण झाली तेव्हा ती कवायत म्हणून झाली, आणि ती शिकवायला सामान्यतः पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार किंवा जमादार नेमला गेला. ड्रिलमास्तर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाला मुले घाबरत, पण शिक्षकांच्या पंक्तीत त्याचे पान शेवटचे असे. वस्तादाला शाळेबाहेर आणि ड्रिलमास्तराला शाळेच्या कडेला ठेवणारी ही व्यवस्था अन्यायाची होती, आणि तिचे परिणाम या भागातील शालेय क्रीडाशिक्षणाला दीर्घकाळ भोगावे लागले.

मुंबई इलाख्यात क्रिकेटला सरकार-दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती १८९० च्या दशकात. १८९० ते १८९५ या काळात इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे इंग्लंडच्या संघाचे माजी कर्णधार आणि हौशी परंपरेचे कट्टर अभिमानी होते. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली असता ते पुण्याजवळ गणेशखिंडीत राहिले, त्यावरून आणि त्यांच्या क्रिकेटप्रेमावरून देशी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली. त्यांच्याच कारकिर्दीत ऑगस्ट १८९२ मध्ये युरोपियन आणि पारशी यांच्यातील वार्षिक सामन्यांना मुंबईत आरंभ झाला. १९०७ मध्ये हिंदू संघाच्या प्रवेशाने ही स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी, आणि १९३७ मध्ये उरलेल्या समाजांचा संघ आल्यावर पंचरंगी झाली. जातिधर्मावर उभ्या असलेल्या या स्पर्धेविरुद्ध राष्ट्रीय चळवळीने आवाज उठवला आणि १९४६ नंतर ती कायमची बंद पडली.

या काळातील सर्वांत मोठा हिंदू गोलंदाज शिक्षक होऊ शकला नाही. पळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांचे वडील लष्करात नोकरीला होते आणि कुटुंब चर्मकार समाजातले. पुण्यात बाळूंनी मैदानाची राखण करण्याची नोकरी धरली, खेळपट्टीवर रूळ फिरवला, जाळी बांधली, आणि पूना जिमखान्यावर सराव करणाऱ्या जे. जी. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकून डावखुऱ्या फिरकीवर हुकमत मिळवली. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले तेव्हा मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालत असे, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघाकडून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. या प्रश्नावर १९२० मध्ये त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि अखेरीस १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंना खेळाचे जे ज्ञान होते ते त्या काळच्या कोणत्याही महाविद्यालयीन प्राध्यापकाकडे नव्हते. ते शाळेत शिकवण्याची सोय समाजाने केली नाही.

ज्या वर्षी मुंबईत पारशी-युरोपियन सामन्यांना सुरुवात झाली त्याच १८९२ मध्ये, १४ जानेवारीला, पुण्यात दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म झाला. व्हिक्टोरियन हौशी खेळाडू-शिक्षकाचा मराठी अवतार कोणता, या प्रश्नाचे सर्वांत नि:संदिग्ध उत्तर म्हणजे देवधर. ते संस्कृतचे प्राध्यापक होते आणि त्यांची कर्मभूमी पुण्याचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय ही होती. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने हे महाविद्यालय काढले आणि जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या देणगीनंतर त्याला आजचे नाव मिळाले. पुण्यातील खासगी शिक्षणसंस्था त्यागाच्या तत्त्वावर उभ्या होत्या. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले, आणि तेच वळण इतर संस्थांनाही लागले. असा प्राध्यापक श्रीमंत होत नसे. मात्र त्याला नियमित वेतन, समाजात मान, ठरलेले तास आणि सुट्ट्या मिळत, आणि ज्या खेळात एक सामना तीन-तीन दिवस चालतो त्या खेळासाठी या चारही गोष्टी अत्यावश्यक होत्या.

त्या काळात अव्वल दर्जाचे क्रिकेट खेळू इच्छिणाऱ्या हिंदी खेळाडूपुढे उपजीविकेचे मार्ग मोजकेच होते. पहिला संस्थानिकांच्या आश्रयाचा. सी. के. नायडू होळकरांच्या पदरी गेले, विजय हजारे यांना देवासच्या आणि नंतर बडोद्याच्या दरबाराचा आधार मिळाला. दुसरा मार्ग रेल्वे किंवा एखाद्या मोठ्या कंपनीतील नोकरीचा, जो मुंबईकरांना अधिक सुलभ होता. देवधरांनी तिसरा मार्ग, शिक्षकाचा, धरला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही. दरबाराच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळे त्यांना जे स्वातंत्र्य मिळाले ते त्यांच्या कर्णधारपदात दिसते, तसेच दरबारी वजन पाठीशी नसल्यामुळे जे नुकसान होते तेही त्यांच्या वाट्याला आले.

१९११–१२ च्या हंगामात ते हिंदू संघाकडून प्रथम खेळले, म्हणजे बाळू आणि त्यांच्या भावांबरोबर एकाच संघात त्यांचे क्रिकेट सुरू झाले. त्या काळी मोठ्या जिमखान्यांबाहेर बहुतेक ठिकाणी हिरवळीची खेळपट्टी नसे. काथ्याची विणलेली चटई मातीवर ताणून कडेने खिळे ठोकून बसवली जाई, आणि तिच्यावर पडलेला चेंडू अपेक्षेपेक्षा अधिक उसळे व अधिक वळे, त्यामुळे अशा मॅटिंगवर वाढलेला फलंदाज मागच्या पायावर जाऊन कट आणि हूक मारण्यात तरबेज होई, पण पुढे येऊन खेळायला त्याला मुद्दाम शिकावे लागे. पुण्यापासून नगरपर्यंतच्या साऱ्या पठारी भागात क्रिकेटची पहिली शाळा ही चटईच होती. खर्च कमी, पाण्याची गरज अल्प, आणि सामना संपल्यावर गुंडाळून ठेवता येणारी ही खेळपट्टी दुष्काळी मुलुखाला मानवणारी होती.

डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखालील एम. सी. सी. संघ मुंबईत आला असता बॉम्बे जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या आणि भारतीय संघाने पहिल्या डावात पाहुण्यांवर आघाडी घेतली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला हिंदू संघाकडून नायडूंनी केलेल्या १५३ धावांची आठवण लोकांना अधिक राहिली, कारण त्यांत अकरा षटकारांचा पाऊस होता. परंतु इंग्लंडच्या बलाढ्य संघापुढे साऱ्या हिंदुस्थानच्या वतीने टिकून खेळता येते हे देवधरांच्या डावाने सिद्ध केले, आणि १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन होण्यास जी अनुकूलता निर्माण झाली तिच्यात या दोन्ही डावांचा वाटा होता. ज्या जिमखान्यावर हा डाव खेळला गेला त्याचे सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९३२ मध्ये भारताचा संघ पहिल्या अधिकृत कसोटीसाठी इंग्लंडला गेला तेव्हा चाळिशीतल्या देवधरांना वगळण्यात आले आणि एकही कसोटी सामना त्यांच्या नावावर लागला नाही. पुढील चौदा वर्षांत त्यांनी जे करून दाखवले ते पाहता वयाचे कारण फोल होते, असेच म्हणावे लागते.

१९३४–३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. मुंबई शहराचा संघ वेगळा आणि महाराष्ट्राचा वेगळा, पुढे बडोदे संस्थानाचाही वेगळा, अशी रचना झाल्यामुळे नगरसारखे मुंबईबाहेरचे मराठी जिल्हे महाराष्ट्र संघाच्या छत्राखाली आले. देवधर या संघाचे कर्णधार झाले. १९३९–४० मध्ये महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून करंडक जिंकला, त्या हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि १९४०–४१ मध्ये मद्रासला जाऊन पुन्हा करंडक आणला. या दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध पुण्यात झालेला सामना देवधरांच्या कारकिर्दीचा कळस ठरला. बाद पद्धतीच्या त्या स्पर्धेत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो पुढे जात असे. महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या, त्यांत अठ्ठेचाळीस वर्षांच्या कर्णधाराच्या २४६. मुंबईने हार न मानता ६५० पर्यंत मजल मारली, आणि अवघ्या पंचवीस धावांच्या फरकाने महाराष्ट्र पुढे गेला. ज्या वयात बहुतेक खेळाडू समालोचकाच्या खुर्चीत बसलेले असतात त्या वयात तासन्‌तास खेळपट्टीवर उभे राहून काढलेल्या या धावांत नियमित व्यायामाचा आणि साध्या राहणीचा जो वाटा आहे तो शिक्षकी जीवनक्रमाशिवाय समजत नाही. १९४४ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. १९४६ च्या सुमारास त्यांनी प्रथम दर्जाचे क्रिकेट थांबवले तेव्हा त्यांच्या खात्यावर ८१ सामने, ४५२२ धावा आणि ९ शतके होती.

देवधर हे शिक्षक म्हणून आणि खेळाडू म्हणून दोन निराळी माणसे नव्हती. महाराष्ट्र संघात त्यांच्या हाताखाली खेळलेल्या तरुणांशी त्यांचे नाते बरेचसे गुरुशिष्याचे होते. तंत्रातील चूक स्पष्ट सांगणे, शिस्तीच्या बाबतीत कोणाचीही गय न करणे आणि गुण दिसताच संधी देणे, ही त्यांची रीत होती. आपल्या अनुभवावर त्यांनी इंग्रजीत आणि मराठीत पुस्तके लिहिली, आणि वृत्तपत्रांतून व आकाशवाणीवरून खेळाची समीक्षा केली. घरातही हाच संस्कार गेला. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या तिन्ही मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या, आणि ज्या काळात मध्यमवर्गीय मुलींना मैदानावर उतरणे अवघड होते त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा या साऱ्याशी येणारा संबंध महाविद्यालयाच्या वाटेने होता. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना करीपर्यंत जिल्ह्यात महाविद्यालय नव्हते, त्यामुळे मॅट्रिकनंतर पुढे शिकू पाहणाऱ्याला पुण्याची गाडी धरावी लागे. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, याच वाटेने डेक्कन कॉलेजात गेले होते. पुण्यात शिकून परतलेल्यांपैकी जे शिक्षक झाले त्यांच्याकडून तालुक्याच्या गावातील हायस्कुलांत क्रिकेटची चटई, व्हॉलीबॉलचे जाळे आणि आंतरशालेय सामन्यांची कल्पना पोहोचली. याच सुमारास सरकारनेही शारीरिक शिक्षणाकडे गांभीर्याने पाहण्यास सुरुवात केली. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे व्यायामशिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर १९१४ पासूनच देशी व्यायामप्रकारांचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले होते. कबड्डी, खो-खो, मल्लखांब आणि कुस्ती हे खेळ अशा संस्थांतून अभ्यासक्रमात आले, प्रशिक्षित व्यायामशिक्षकाने ड्रिलमास्तराची जागा घेतली, आणि वस्तादाकडे असलेल्या विद्येला फार उशिराने का होईना, शाळेत प्रवेश मिळाला.

हौशीपणाची जी कल्पना या परंपरेच्या मुळाशी होती ती इंग्लंडमध्येच टिकली नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये एम. सी. सी. ने हौशी व व्यावसायिक हा भेद रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर तेथील सारे क्रिकेटपटू केवळ क्रिकेटपटू या एकाच नावाने ओळखले जाऊ लागले. देवधर त्यानंतरही तीस वर्षे जगले. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य म्हणून त्यांनी काम केले, १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले, आणि १९७३–७४ पासून त्यांच्या नावाची विभागीय मर्यादित षटकांची स्पर्धा सुरू झाली. जो माणूस तीन-चार दिवसांच्या संथ क्रिकेटमध्ये वाढला त्याचे नाव एकदिवसीय स्पर्धेला द्यावे, यात एक विसंगती आहे खरी, पण त्यामुळे पुढच्या पिढ्यांच्या तोंडी ते राहिले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी, पुण्यातच त्यांचे निधन झाले.

नगर जिल्ह्यातील क्रिकेटपटूची वाट तोपर्यंत पुरती बदलली होती. श्रीरामपूरला १९७८ मध्ये जन्मलेला झहीर खान अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून मुंबईला गेला, तेथे माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या हाताखाली नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळला, मग चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या प्रबोधिनीत शिकून प्रथम बडोद्याकडून आणि २००० पासून भारताकडून खेळला. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द हे जन्मगाव असलेला अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईच्या मैदानांवर घडला. दोघांनीही क्रिकेट हाच व्यवसाय केला आणि त्यात त्यांना कोणी कमी लेखले नाही. या बाबतीत ते देवधरांपेक्षा हगाम्यातल्या पैलवानाच्या अधिक जवळचे आहेत, आणि बाळू पळवणकरांना जे मिळायला हवे होते ते त्यांना मिळाले.